किरणोपचारातील चुका आणि संगणकाचा पहारा

प्रतिवर्षी ११ फेब्रुवारी रोजी, लूर्ड्स मातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९२ साली ह्या दिवसाची घोषणा केली आणि १९९३ पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. आपल्या धर्मग्रामांतही त्या दिवशी रुग्णांसाठी मिस्सा अर्पण केली जाते, त्यांना तैलाभ्यंग दिला जातो आणि मिस्सा आटोपल्यावर अंगणात रुग्णांच्या नातेवाइकांशी निवांत बोलणे होते. गोंदिया जिल्ह्यातील कुटुंबांशी बोलताना गेली काही वर्षे एक प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. "फादर, ते लाईट देणारे यंत्र आता सगळे कॉम्प्युटरवर चालते म्हणतात. मग त्यात चूक तर होत नाही ना?"

कर्करोगावरील किरणोपचाराला आपल्याकडे कोणी 'लाईट' म्हणतात, कोणी 'शेक' म्हणतात. नाव काहीही असो, त्या प्रश्नामागची भीती खरी आहे. शस्त्रक्रियेत टाके दिसतात, औषधाची गोळी हातात धरता येते. किरण मात्र दिसत नाहीत, त्यांचा आवाज येत नाही, आणि बहुधा अंगाला लागल्याचे जाणवतही नाही. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी-मोरगाव येथून निघून, गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरचा प्रवास करून नागपूरला पोहोचलेला माणूस एका जाड भिंतींच्या खोलीत एकटा पडून राहतो, दार बंद होते, काही मिनिटांनी उघडते आणि "झाले" असे त्याला सांगितले जाते. काय झाले, किती झाले, योग्य ठिकाणी झाले का, हे तपासण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते. म्हणून हा प्रश्न "संगणकावर विश्वास ठेवा" एवढे सांगून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. मी डॉक्टर नाही. परंतु रुग्णांसोबत प्रतीक्षाकक्षांतून बसण्याचे प्रसंग बरेच आले, तेथील भौतिकतज्ज्ञांना प्रश्न विचारता आले आणि ह्या विषयावरील अहवालही वाचता आले. त्यांतून जे उमगले ते येथे मांडत आहे.

प्रथम उपचाराची रीत समजून घेऊ. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी (आणि आपल्या भागात खर्ऱ्याच्या व्यसनामुळे हेच रुग्ण फार दिसतात) साधारणपणे दररोज २ ग्रे एवढी मात्रा, आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे दिली जाते. 'ग्रे' हे शरीराने शोषलेल्या किरणांचे माप. एकूण मात्रा ६६ ते ७० ग्रेच्या आसपास जाते. ही मात्रा कमी पडली तर गाठ उरते, जास्त झाली तर शेजारचा मज्जारज्जू, जबडा किंवा लाळग्रंथी कायमच्या दुखावतात. ठरलेल्या मात्रेपासून पाच टक्क्यांहून अधिक फरक पडू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाने १९७६ सालीच केलेली आहे. स्वयंपाकात मीठ पाच टक्क्यांनी कमीअधिक झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. येथे मात्र तेवढ्यावर सारे अवलंबून असते.

आता ही मात्रा मोजायची कशी? जुन्या कोबाल्ट यंत्रात किरणोत्सारी कोबाल्टचा तुकडा असतो आणि तो दिवसेंदिवस क्षीण होत जातो. त्याची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का घटते. त्यामुळे जानेवारीत एखाद्या रुग्णाला जेवढी मिनिटे पुरत होती, त्याहून थोडी अधिक जूनमध्ये लागतात. पूर्वी हा हिशेब कागदावर होत असे. अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस शहरातल्या एका रुग्णालयात १९७४ ते १९७६ ह्या काळात हा क्षीणतेचा आलेख हाताने काढताना चुकला. कोबाल्ट प्रत्यक्षात होते त्यापेक्षा लवकर दुबळे होत आहे असे तो आलेख दाखवू लागला, म्हणून उपचाराची वेळ वाढवली गेली, आणि चारशेहून अधिक रुग्णांना १० ते ४५ टक्के जादा मात्रा मिळाली. यंत्र उत्तम चालत होते. कागदावरची एक रेष वाकडी गेली होती आणि बावीस महिने कोणी यंत्राखाली मोजमापाचे उपकरण ठेवून पाहिले नव्हते.

अशा चुका संगणक सहज टाळतो. तारीख टाकली की क्षीणतेचा हिशेब त्याचा तोच करतो, आणि बेरीज-गुणाकारात तो थकत नाही. सिटी स्कॅनच्या चित्रांवरून गाठीचा आकार घेऊन कोणत्या दिशेने किती किरण सोडावेत हेही आता संगणकच मांडतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेल्या 'भाभाट्रॉन' ह्या कोबाल्ट यंत्राचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. त्यातले पहिले यंत्र नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेत बसले. परदेशी यंत्रांच्या तुलनेत त्याची किंमत कमी ठेवली गेली आणि त्याचे नियंत्रण संगणकाकडे दिले गेले. वीज गेली किंवा नियंत्रणात बिघाड झाला तर कोबाल्टचा तुकडा आपोआप आपल्या सुरक्षित पेटीत परत जावा, अशी रचना त्यात आहे. भारनियमनाचा अनुभव घेतलेल्या आपल्या लोकांना ह्या शेवटच्या गोष्टीचे मोल सांगावे लागणार नाही.

परंतु येथे थांबलो तर मी अर्धेच सांगितले असे होईल.

१९८० च्या दशकात कॅनडातील एका कंपनीने 'थेरॅक-२५' नावाचे यंत्र बाजारात आणले. हे कोबाल्टचे नव्हते. विजेच्या साहाय्याने किरण निर्माण करणारे 'लिनिअर ॲक्सिलरेटर' जातीचे होते. ते दोन प्रकारे वापरता येई. एका प्रकारात अतिशय प्रबळ झोत एका धातूच्या पट्टीवर आदळून त्यातून एक्स-किरण निघत. दुसऱ्या प्रकारात पट्टी बाजूला होई आणि अगदी सौम्य झोत सरळ रुग्णावर पडे. प्रबळ झोत सुरू असताना पट्टी जागेवर नसणे ही सर्वांत भयंकर गोष्ट. ह्या यंत्राच्या आधीच्या आवृत्तीत ते होऊ नये म्हणून विजेचे व यांत्रिक अडसर बसवलेले होते. नव्या यंत्रात ते अडसर बरेचसे काढून टाकण्यात आले, कारण ती राखण आता संगणकाची आज्ञावली करणार होती.

टेक्सास राज्यातील टायलर गावात, ईस्ट टेक्सास कॅन्सर सेंटरमध्ये, २१ मार्च १९८६ रोजी तंत्रज्ञ बाईंनी एका रुग्णाची माहिती भरताना 'ई' ह्या अक्षराऐवजी 'एक्स' टंकित केले. चूक लगेच लक्षात आली, त्यांनी वर जाऊन अक्षर बदलले आणि झपाट्याने पुढच्या ओळी पार केल्या. हात सरावलेला होता. यंत्रातील चुंबके जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत, आणि त्या आठ सेकंदांच्या आत केलेली दुरुस्ती आज्ञावलीच्या एका भागापर्यंत पोहोचतच नसे. पडद्यावर सारे बरोबर दिसत होते. आत मात्र प्रबळ झोत होता आणि पट्टी नव्हती. 'मालफंक्शन ५४' अशी अक्षरे उमटली. त्यांचा अर्थ कोठेही नीट समजावलेला नव्हता, आणि असे संदेश ह्या यंत्रावर दिवसातून अनेकदा येत असल्याने बाईंनी पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली. आत पडलेल्या माणसाला विजेचा झटका बसल्यासारखे झाले. तो उठू लागला तोच दुसरा झोत आला. त्या दिवशी खोलीतील ध्वनियंत्रणा नादुरुस्त होती आणि दूरचित्राची तार काढून ठेवलेली होती. शेवटी त्याने दारावर धडका मारल्या, तेव्हा बाहेर कळले. ठरलेल्या मात्रेच्या जवळजवळ शंभरपट मात्रा क्षणार्धात त्याच्या पाठीवर पडली होती. पाच महिन्यांनी तो गेला.

ह्यापुढची हकीकत मला अधिक अस्वस्थ करते. कंपनीचे अभियंते आले, त्यांनी यंत्र तपासले आणि ह्या यंत्रातून जादा मात्रा जाणे शक्यच नाही असे सांगितले. कदाचित विजेचा धक्का बसला असेल असा तर्क झाला. विजेची तपासणी झाली, त्यात काही सापडले नाही, आणि यंत्र पुन्हा सुरू करण्यात आले. ११ एप्रिलला त्याच केंद्रात दुसऱ्या रुग्णाचे तसेच झाले. तो तीन आठवड्यांत मरण पावला. तेव्हा तेथील भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर ह्यांनी त्याच तंत्रज्ञ बाईंना सोबत घेतले आणि दोघांनी रिकाम्या खोलीत यंत्रापुढे बसून तीच अक्षरे, त्याच वेगाने, पुन्हा पुन्हा टंकित करून पाहिली, आणि शेवटी 'मालफंक्शन ५४' पडद्यावर आणून दाखवले. १९८५ ते १९८७ ह्या काळात अमेरिका व कॅनडा मिळून सहा रुग्ण ह्या यंत्राने भाजले. त्यांपैकी पहिल्या स्त्रीने उपचाराच्या टेबलावरच आपल्याला भाजल्याची तक्रार केली होती आणि ते शक्य नाही असे तिलाही सांगण्यात आले होते. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर ह्यांनी १९९३ साली ह्या सर्व प्रकरणाचा सविस्तर शोध प्रसिद्ध केला. त्यात एक लक्षणीय गोष्ट आहे: आज्ञावलीतील तशीच चूक आधीच्या यंत्रातही होती. पण तेथे विजेचे अडसर शाबूत असल्यामुळे फक्त फ्यूज उडत असे आणि कोणाला इजा होत नसे.

म्हणजे पहिली चूक संगणकाची होती हे खरे. पण माणसे मेली ती दुसरा पहारेकरी काढून टाकल्यामुळे, आणि रुग्णाच्या शब्दापेक्षा पडद्यावरील आकडा खरा मानल्यामुळे.

दुसऱ्या प्रकारची चूक ह्याहून अधिक शांत असते. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथील रुग्णालयात १९८२ साली उपचार आखण्यासाठी संगणक आला. रुग्ण यंत्रापासून नेहमीपेक्षा कमी अंतरावर असेल तर मात्रेत त्यानुसार फेरफार करावा लागतो. तो फेरफार संगणक स्वतःच करत होता. पण तेथील कर्मचारी जुन्या शिस्तीप्रमाणे तोच फेरफार हातानेही करत राहिले. दोनदा वजावट झाली. सुमारे एक हजार रुग्णांना ५ ते ३० टक्के मात्रा कमी मिळाली, आणि हे १९९१ साली नवा संगणक बसवताना, दोन्हींचे हिशेब जुळेनात, तेव्हा उघड झाले. नऊ वर्षे! जादा मात्रेने कातडी भाजते, रुग्ण ओरडतो. कमी मात्रेने काहीच होत नाही. रुग्ण समाधानाने घरी जातो आणि वर्ष-दोन वर्षांनी गाठ परत येते, तेव्हा सगळे म्हणतात, देवाची इच्छा. धर्मगुरू म्हणून हे शब्द मी अनेक घरांतून ऐकले आहेत, काही वेळा स्वतः उच्चारलेही आहेत. स्टोकची हकीकत वाचल्यापासून ते शब्द जरा जपून वापरतो.

पनामा देशातील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २००० ते २००१ ह्या काळात जे घडले त्यात चूक आणखी वेगळ्या वाटेने आली. निरोगी अवयव झाकण्यासाठी किरणांच्या वाटेत शिशाचे ठोकळे ठेवतात. तेथील संगणकाची आज्ञावली चारच ठोकळ्यांची माहिती घेत असे. डॉक्टरांना पाचवा हवा होता. म्हणून सर्व ठोकळ्यांची आकृती एकत्र भरण्याची युक्ती कोणीतरी शोधली. एका पद्धतीने भरले तर उत्तर बरोबर येई, दुसऱ्या पद्धतीने भरले तर उपचाराची वेळ जवळजवळ दुप्पट निघे, आणि संगणक दोन्ही उत्तरे सारख्याच शांतपणे छापून देई; इशारा एकही नाही. २८ रुग्णांना अतिमात्रा मिळाली. मे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे पथक पोहोचले तेव्हा त्यांपैकी आठ जण मरण पावले होते आणि पाच मृत्यू बहुधा अतिमात्रेमुळेच झाले असा पथकाचा निष्कर्ष होता. कागद-पेन्सिलीने एकदा ताळा केला असता तरी वेळ दुप्पट आल्याचे दिसले असते.

ख्रिस्ती रुग्णालये ह्यापासून दूर राहिली असेही म्हणता येत नाही. न्यूयॉर्कमधील सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालय १८४९ साली धर्मभगिनींनी स्थापन केलेले. ते २०१० साली बंद झाले. तेथे २००५ च्या मार्च महिन्यात जिभेच्या मुळाशी कर्करोग झालेल्या एका रुग्णाच्या उपचाराची आखणी साठवत असताना संगणक बंद पडला. किरणांचा झोत गाठीच्या आकाराचा करणाऱ्या धातूच्या पात्यांची माहिती त्यात हरवली. पाती पूर्ण उघडी राहिली आणि सलग तीन दिवस त्याच्या मानेवर व मेंदूच्या तळाशी उघडा झोत पडला. पाती उघडी आहेत हे पडद्यावर दिसत होते, पण पाहणाऱ्याचे लक्ष नव्हते. आखणी तपासण्याची चाचणी करायची होती ती तिसऱ्या उपचारानंतर झाली. तो रुग्ण दोन वर्षांनी अत्यंत वेदनेत मरण पावला. तोंडाचा आणि जिभेचा कर्करोग घेऊन नागपूरला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील माणसांची आठवण झाल्याशिवाय हा वृत्तांत मला वाचता आला नाही.

वाचकांनी हे वाचून घाबरून उपचार सोडू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार १९७६ ते २००७ ह्या एकतीस वर्षांत जगभरातून नोंद झालेल्या अशा दुर्घटनांत ३,१२५ रुग्णांना इजा पोहोचली आणि त्यांतील ३८ दगावले. नोंद न झालेल्या घटना असणारच. तरी ह्याच काळात कोट्यवधी लोकांनी किरणोपचार घेतले हे ध्यानात ठेवले पाहिजे. किरणोपचार न घेतल्याने होणारी हानी ह्याहून अपरिमित मोठी आहे. त्या आढाव्यातील दुसरी एक गोष्ट मात्र मनन करण्याजोगी आहे: निम्म्याहून अधिक घटना प्रत्यक्ष उपचारात नव्हे तर आखणीच्या टप्प्यात घडल्या, आणि सुमारे एक चतुर्थांश घटना नवी यंत्रे किंवा नवी पद्धत रुजू होत असताना.

ह्यातून शिकून आज संगणकाचा वापर कसा होतो? सर्वांत उपयुक्त व्यवस्था म्हणजे 'नोंद आणि पडताळणी'. आखणीतील आकडे माणसाने यंत्रावर पुन्हा टंकित करायचे नसतात. ते एका संगणकातून दुसऱ्यात सरळ जातात. यंत्राचा कोन, टेबलाची उंची, पात्यांची स्थिती, वेळ ह्यांपैकी काहीही आखणीशी जुळले नाही तर यंत्र सुरूच होत नाही. रुग्णाचे छायाचित्र पडद्यावर येते. काही ठिकाणी फाइलीवरील पट्टीदार खूण किंवा बोटाचा ठसाही तपासतात. कितवा दिवस, आतापर्यंत किती मात्रा झाली, हे सारे आपोआप नोंदले जाते.

ह्या छायाचित्राचे मोल मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात मी आमगावकडील एका आजींसोबत बसलो होतो. त्यांना स्तनाचा कर्करोग होता. नाव पुकारले गेले, आजी उठल्या, मीही त्यांना दारापर्यंत धरून नेले. आतील तरुण तंत्रज्ञाने पडद्याकडे पाहिले, आजींकडे पाहिले, आणि थांबला. "आजी, तुमचे पूर्ण नाव सांगा. गाव कोणते?" त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या, दुसऱ्या एक बाई बाकावर भिंतीला टेकून झोपी गेल्या होत्या, त्यांना गर्भाशयमुखाचा आजार होता. आजी ओशाळून म्हणाल्या, "नाव तर माझेच घेतले ना, बाबू." चूक कोणाचीच नव्हती. पण मी, शिकलेला माणूस, त्यांना हात धरून चुकीच्या उपचाराकडे घेऊन चाललो होतो. पडद्यावरचा चेहरा आणि तो विचारणारा मुलगा, दोघे मिळून आजी वाचल्या. त्याला घाई असती तर पडद्यावरील चेहरा तसाच राहिला असता आणि कोणी पाहिला नसता.

दुसरी व्यवस्था म्हणजे स्वतंत्र ताळा. आखणी एका संगणकाने केली असेल तर मात्रेचा हिशेब दुसऱ्या, वेगळ्या रीतीने बनवलेल्या आज्ञावलीने पुन्हा केला जातो, आणि दोहोंत ठरावीक मर्यादेपलीकडे फरक आला तर भौतिकतज्ज्ञ कारण सापडेपर्यंत रुग्णाला टेबलावर घेत नाहीत. येथे 'वेगळ्या' ह्या शब्दावर जोर आहे. एकाच आज्ञावलीला तोच प्रश्न दोनदा विचारला तर ती तेच चुकीचे उत्तर दोनदा देईल. गुंतागुंतीच्या आखणीत तर पहिल्या उपचाराआधीच, रुग्णाच्या जागी मोजमापाचे उपकरण ठेवून, तीच मात्रा सोडून पाहतात. न्यूयॉर्कला उशिरा झालेली चाचणी ती हीच. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राची एक साधी पण मला फार आवडणारी पद्धत आहे. विशिष्ट पावडर भरलेल्या लहान कुप्या टपालाने रुग्णालयांना पाठवल्या जातात. रुग्णालयाने त्यांवर २ ग्रे मात्रा सोडून त्या मुंबईला परत धाडायच्या. ती पावडर तापवली की तिने जेवढे किरण शोषले असतील त्या प्रमाणात प्रकाश देते. तुमचे २ ग्रे खरोखर २ ग्रे आहेत का, हे अशा रीतीने दूर बसलेला एक तिऱ्हाईत सांगतो. संगणकाच्या ह्या युगात सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार टपालाच्या पाकिटातून प्रवास करतो, ह्याची मला मौज वाटते.

१५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ अशा केंद्रांना परवाना देते. प्रशिक्षित भौतिकतज्ज्ञ आणि किरण-सुरक्षा अधिकारी असल्याशिवाय केंद्र चालवता येत नाही. चुका लपवण्याऐवजी त्या इतरांना कळाव्यात म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१२ पासून 'सॅफ्रॉन' नावाची नोंदवही संगणकावर उघडली आहे. रुग्णालये तीत स्वतःचे अपघात, तसेच होता होता टळलेले अपघातही लिहितात. पापनिवेदनाशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांना ह्या कल्पनेत परके असे काही वाटू नये. फरक एवढाच की येथे कबुलीचा लाभ दुसऱ्याच्या रुग्णालाही होतो.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेकडेही हे काम सोपवले जात आहे. पूर्वीच्या हजारो आखण्या पाहून शिकलेली आज्ञावली नव्या आखणीत काही विचित्र दिसले तर बोट ठेवते, अवयवांच्या सीमाही रेखाटून देते. डॉक्टरांचे तास वाचतात, आणि रुग्णांची रांग लांब असलेल्या आपल्या भागात हा लाभ लहान नाही. धोका असा की बरोबर उत्तरांची सवय झालेला डोळा चुकीच्या उत्तरावरूनही सहज घसरतो. टायलरच्या तंत्रज्ञ बाईंचा हात जसा कळेवर गेला तसाच. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी 'अँटिक्वा एट नोव्हा' ही टिपणी प्रसिद्ध केली. तीत उपचाराचा निर्णय व त्याची जबाबदारी माणसाकडेच राहावी आणि रुग्ण व उपचार करणारा ह्यांच्यातील नाते यंत्राने पुसून टाकू नये, असे म्हटले आहे. काहींना हा केवळ धार्मिक उपदेश वाटेल. वर सांगितलेल्या दुर्घटना पाहिल्या तर ती सुरक्षेची अगदी व्यावहारिक अटही आहे हे पटेल.

ह्या सर्वांत रुग्णाने काय करावे? आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अनादर, अशी समजूत खोल रुजलेली आहे, आणि गरीब माणूस तर 'पुढच्या वेळी नीट पाहणार नाहीत' ह्या धास्तीने गप्प बसतो. संत थोमाने जखमांना बोट लावून पाहण्याचा हट्ट धरला, तेव्हा प्रभूने त्याला हाकलून दिले नाही. आपले हात पुढे केले. भौतिकतज्ज्ञ तर दररोज यंत्राला हेच विचारत असतात. मग रुग्णाने विचारले तर बिघडले कुठे?

म्हणून नाव पुकारले गेल्यावर नुसती मान डोलवू नये. पूर्ण नाव, गाव आणि कोणत्या अवयवावर उपचार चालू आहे हे स्वतः सांगावे. रोजच्यापेक्षा वेगळे काही जाणवले, म्हणजे वेळ एकदम फार वाढली किंवा कमी झाली, टेबल वेगळ्या बाजूला फिरले, अंगाला चटका किंवा झटका बसला, तर तेथल्या तेथे हात हलवून सांगावे. खोलीत कॅमेरा असतो आणि बाहेरचे पाहत असतात. चेहऱ्यावरील साचा सैल झाला तर जरूर सांगावे, कारण जेवण जात नसल्याने वजन उतरले की साच्यात मान हलू लागते आणि मग संगणकाने केसाएवढे अचूक नेम धरूनही उपयोग होत नाही. अंगावरील शाईच्या खुणा घासून धुऊ नयेत. खर्रा उपचाराच्या काळात तरी सोडावा, हे मी वेगळे सांगायला हवे असे नाही, पण सांगतो.

आणि दिवस चुकवू नये. गोंदिया जिल्ह्यात ही चूक सर्वांत जास्त होते असे माझे निरीक्षण आहे, आणि ती कोणत्याही यंत्राची नाही. धानाची रोवणी आली, घरात लग्न निघाले, गाडीभाडे संपले, की माणूस आठवडाभर जात नाही. मधल्या काळात गाठीतील पेशी पुन्हा वाढू लागतात. संगणकावर त्या दिवसापुढे रिकामा रकाना दिसतो. तो तंत्रज्ञाला इशाराही देतो. पण सालेकशाच्या पुढच्या पाड्यावर जाऊन त्या माणसाला गाडीत बसवणे त्याला जमत नाही. ते काम धर्मग्रामातील शेजाऱ्यांनी, सिस्टरांनी, तरुणांच्या मंडळाने करायचे आहे. रुग्णाला सोबत हवी आहे का, नागपुरात राहण्याची सोय आहे का, त्याच्या बांधीतील रोवणी कोण उरकून देईल, हे उपचार सुरू होण्याआधीच विचारून ठेवावे.

सोबत जाणाऱ्याने एक लहान वही ठेवावी. तारीख, कितवा दिवस, किती वाजता आत घेतले, किती वाजता बाहेर आले, काही त्रास झाला का, एवढेच रोज लिहावे. उपचार संपल्यावर रुग्णालयाकडून एकूण किती ग्रे मात्रा, किती भागांत, शरीराच्या कोणत्या भागावर दिली गेली ह्याचा लेखी सारांश मागून घ्यावा आणि तो घरातील शिधापत्रिकेबरोबर जपून ठेवावा. पाच-दहा वर्षांनी पुन्हा कधी किरणोपचाराची गरज भासली, तर नव्या डॉक्टरांना आणि त्यांच्या संगणकाला सर्वप्रथम तोच कागद लागतो, आणि आजवर माझ्याकडे आलेल्या बहुतेक कुटुंबांजवळ तो नव्हता.